हसू ओळखणारा कॅमेरा

“हसा,” तपासनीस म्हणाले, आणि घरातले सगळे कॅमेऱ्याकडे बघून एकदम हसले. कॅमेरा मात्र ढिम्म. स्टँडवर बसून तो आपला तांबडा दिवा लुकलुकवत राहिला.

तपासनीस मधल्या खुर्चीत ताठ बसले होते. एका बाजूला त्यांची म्हातारी आई, दुसऱ्या बाजूला बायको, मागे लेक आणि धाकटा मुलगा. लेकीच्या बॅगा दाराशी उभ्या होत्या. संध्याकाळच्या विमानाने ती नोकरीसाठी परदेशी निघाली होती आणि एवढ्यात काही परत येणार नव्हती. ती जायच्या आत सगळ्यांचा एकत्र, हसरा असा एक तरी फोटो तपासनिसांना हवा होता. ती जाणार हे ठरल्यापासून त्यांना करमत नव्हतं. पण ते तिला सांगायचं कसं हे जमेना, म्हणून त्यांनी कॅमेरा घेतला.

घेतला म्हणजे सहजासहजी नाही. कुलपांच्या कारखान्यात माल तपासण्यात आणि नापास करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. त्यांनी दुकानदाराला अगदी जेरीस आणलं. हा खिशात मावत नाही, त्याचं झाकण डुगडुगतं, तिसऱ्याचं बटण अंगठ्याखाली येत नाही. अखेर हा तळहाताएवढा कॅमेरा पसंत पडला तो एका गुणामुळे. तो हसू ओळखायचा. बटण दाबायला कुणी उठायला नको. चौकटीत जो मधोमध असेल त्याला तो मुख्य माणूस धरायचा, आणि तो हसला की आपोआप फोटो काढायचा. मुख्य माणूस कोण, हा प्रश्न त्या घरात कधी पडलाच नव्हता. फोटो निघाला की कॅमेरा एक लाडिक सूर काढायचा, तो तेवढा तपासनिसांना थिल्लर वाटला. तो त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करून टाकला.

“पुन्हा एकदा. आणि या वेळी नीट.”

बायकोला त्यांनी दात कमी दाखवायला सांगितलं. आईला जास्त दाखवायला सांगितलं, तर ती म्हणाली, आहेत तेवढे दाखवतेय. लेकीची मान तिरकी होती, ती सरळ करून झाली. धाकट्याचं हसू त्यांना आगाऊ वाटलं, तेही दुरुस्त करून झालं. दिवा लुकलुकतच होता.

“बाबा, तुम्हीपण हसा ना,” लेक हळूच म्हणाली.

“हसतोच आहे,” तपासनीस म्हणाले.

मग ते माहितीपुस्तक आणायला आतल्या खोलीत गेले. त्यांची पाठ वळते न वळते तोच बाहेर हशा पिकला. ते परत आले तेव्हा सगळे परीक्षेला बसल्यासारखे गंभीर. बॅटरी बदलून बघावी म्हणून नवी आणायला ते पुन्हा आत गेले, पुन्हा खसखस. खिडकीचा पडदा सारायला उठले, तेव्हाही तेच. आपण इथे जिवाचं रान करतोय आणि यांना खिदळायला सुचतंय, याचा त्यांना मनस्वी राग आला. शेवटी बायको म्हणाली की आता गाल दुखायला लागले, चहा तरी घेऊ या. तपासनिसांनी कॅमेरा डब्यात भरला आणि माल सदोष असल्याचं जाहीर केलं. आत फोटो आहेत का हे त्यांनी बघितलं नाही. जे निघालेच नाहीत ते बघायचे कुठे?

दुकान दोन गल्ल्या टाकून होतं. लेक निघायला अजून वेळ होता. बदलून मिळाला तर एक फोटो अजूनही होऊ शकला असता. दुकानदार त्यांना लांबूनच ओळखून सावरून बसला. त्याने तक्रार निमूट ऐकून घेतली, कॅमेरा सुरू केला आणि बटणं दाबत म्हणाला की फोटो तर निघालेत, चांगले डझनभर निघालेत. त्याने कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला.

तपासनिसांनी चष्मा वर सारला. पहिल्या फोटोत आई तोंडाचं बोळकं उघडून हसत होती. दुसऱ्यात धाकटा पोट धरून वाकला होता. पुढच्यात लेक भुवया आक्रसून, बोट उगारून कुणाची तरी हुबेहूब नक्कल करत होती. ते बोट कुणाचं, हे ओळखायला तपासनिसांना जरा वेळच लागला. आणि बायको लेकीच्या खांद्यावर रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. ती अशी हसते हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्या फोटोंमध्ये मधली खुर्ची तेवढी रिकामी होती.

त्यांना काहीतरी विचारायचं होतं. पण त्यांनी बटण दाबून फोटो पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतले. दुकानदाराला वाटलं, यांना यंत्राची शंका आहे. त्याने समजावून सांगितलं की मध्ये कुणी नसलं, तर कॅमेरा दुसऱ्या कुणाच्याही हसण्यावर फोटो काढतो, त्यात बिघाड काही नाही. मग कॅमेरा फडक्याने पुसून, डब्यात घालून त्याने त्यांच्याकडे सरकवला.

“फोटो झकास आलेत, साहेब,” तो म्हणाला. “ती मधली खुर्ची तेवढी उचलून ठेवायला हवी होती. मग कुणी कमी आहे असं वाटलंच नसतं.”