एका वर्षाचा वापर

चालकाची सीट जवळजवळ नवी आणि मागची मात्र पार बसलेली, हे तीमाला गाडीचं दार उघडताच दिसलं. तिने मागची सीट हाताने दाबली. स्पंज खाली गेला तो वर आलाच नाही.

मोंबासा बंदराच्या आवारात सकाळचे दहा वाजले होते आणि शेडचे पत्रे तापायला लागले होते. तीमाची कस्टममधली नऊ वर्षं असल्या गाड्या तपासण्यात गेली होती. परदेशातून कायमचं घरी परतणाऱ्या माणसाला स्वतःची एक गाडी करमाफीत आणता येते. फक्त ती त्याने तिकडे निदान वर्षभर स्वतः वापरलेली हवी. दलालांना ही माफी फार आवडायची. परतणारा एखादा गरीब स्वभावाचा माणूस गाठायचा, आपली गाडी त्याच्या नावावर चढवायची आणि बंदराबाहेर पडली की विकून मोकळं व्हायचं.

समोर उभा असलेला म्वाकिओ तसाच गरीब स्वभावाचा दिसत होता. अठ्ठावन्न वर्षांचा, टाइटाच्या डोंगरातला, इंग्लंडात लीड्सला एका गोदामात पॅकिंगचं काम करून चौदा वर्षांनी परतलेला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. शेजारी त्याची धाकटी बहीण म्कावासी. ती पहाटेच्या बसने त्याला न्यायला आली होती आणि तेव्हापासून तिचं तोंड मिटलं नव्हतं.

"म्झे," वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं तीमा म्हणाली, "ही टॅक्सी होती का?"

"नाही, मॅडम."

"मग मागे कोण बसायचं एवढं?"

"मीच."

"आणि चालवायचं कोण?"

"मीच."

म्कावासी खुदकन हसली. "याच्याकडून सरळ उत्तर मिळालं तर मलाही सांगा हं, मॅडम. चार खोल्यांचं घर होतं याचं तिकडे, मागे बाग. पण एक फोटो पाठवला असेल तर शपथ! फोनवर म्हटलं घर दाखव, की याचं नेट गेलंच. आमच्या पोरांच्या फिया मात्र कधी चुकल्या नाहीत हो. माझा थोरला याच्याच जिवावर इंजिनिअर झाला."

"पुरे गं," म्वाकिओ म्हणाला.

तीमाने आत डोकं घातलं. खिडक्यांच्या वर बारीक हूक बसवलेले होते, प्रत्येक बाजूला दोन, आणि त्यांत दोरी ओवलेली. काचांच्या रबराला काळी बुरशी धरली होती. एवढी ओल एका गाडीत आली कुठून, हे तिला कळेना.

"पडदे होते?"

"हो."

"कशासाठी?"

"ऊन लागायचं."

"लीड्सला?" म्कावासीने कपाळावर हात मारला. "अरे दादा, दर फोनवर थंडीने रडायचास की!"

तीमाला हसू आलं, पण तिने ते दाबलं. माणूस खोटं बोलत होता यात शंका नव्हती. पण दलालाचा माणूस कसा पढवलेला असतो. त्याला विमा तोंडपाठ, सर्व्हिसिंगच्या तारखा तोंडपाठ. याला तर धड एक थाप जुळवता येत नव्हती. मग हा लपवतोय तरी काय? ते कळेपर्यंत आता तिला दुसरं काम सुचणार नव्हतं.

तिने खरेदीच्या कागदावरचा आकडा आणि गाडीतल्या मीटरचा आकडा ताडून पाहिला.

"दोन वर्षांत अकराशे मैल. इथून नैरोबीला दोनदा जाऊन आलात तरी याहून जास्त होतात. कामावर गाडीने जात होता?"

"चालत. गोदाम जवळच होतं."

"बाजारहाट?"

"चालत."

"मग गाडी वापरलीत कधी?"

"रोज," म्वाकिओ म्हणाला. "एकही दिवस चुकला नाही, मॅडम. देवाशपथ."

हे मात्र त्याने तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. तीमा क्षणभर गोंधळली. मग तिला स्वतःचाच राग आला.

"म्झे, नीट ऐका. मी नकार लिहिला तर गाडीच्या निम्म्याहून जास्त किंमत कर म्हणून भरावी लागेल. नाही भरलात तर महिन्याभरात लिलाव. वर खोटी माहिती दिली म्हणून खटला. दलालाचं नाव सांगा, तुम्हाला सोडवायचं मी बघते."

"दलाल नाही. गाडी माझीच आहे." त्याने टपावर हात ठेवला. "ही गेली तर माझ्याकडे काही उरत नाही."

"काही उरत नाही म्हणे!" म्कावासी म्हणाली. "एवढं घर विकून आलायस. मॅडम, याचं काही ऐकू नका."

तीमाने फॉर्म बॉनेटवर पसरला. सगळे रकाने सुवाच्य अक्षरात भरलेले होते, फक्त एक कोरा होता.

"परदेशातला राहण्याचा पत्ता राहिलाय. भरा तो. मी तिकडे चौकशी करते. गाडी कुणाच्या दारात उभी असायची, ते शेजारीपाजारी सांगतील."

म्वाकिओ पेन हातात घेऊन तसाच उभा राहिला. सापडला, तीमाच्या मनात आलं, आणि तिला जरा वाईटही वाटलं.

"म्कावासी," तो म्हणाला, "मॅडमसाठी चहा घेऊन ये."

"आत्ता? अरे, पण..."

"जा म्हटलं ना. आल्याचा आण."

बहीण कुरकुरत फाटकाकडे गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत म्वाकिओ तिच्या पाठीकडे पाहत राहिला. मग वाकून त्याने एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

"तिला सांगू नका," असं म्हणून त्याने कागद तीमासमोर सरकवला.

पत्त्याच्या रकान्यात गाडीचा नंबर होता.