मिशनची जीप

दवाखान्यात दाखल असलेली बायको गेल्याचा फोन आला, तसा मी जीप घेऊन निघालो. या परदेशात इतकी वर्षं आम्ही मिशनचं काम केलं, पण जीपनं कधी वाटेत दगा दिला नाही. रोजच्या प्रार्थनेत मी त्याबद्दल देवाचे आभार मानायचो, आणि ती हसून 'आमेन' म्हणायची.

आज अर्ध्या वाटेत वाफ सोडून जीप बंद पडली. जवळच्या गॅरेजमधल्या ओळखीच्या मेकॅनिकनं येऊन बॉनेट उघडलं.

"पास्टर, पाणी नाही भरलं?"

"कसलं पाणी?"

"रेडिएटर केव्हाचा गळतोय. तुम्ही उठायच्या आत बाई रोज भरायच्या. माहेरी गेल्यात वाटतं?"

इंजिन निवेपर्यंत तिथंच थांबावं लागलं. तिला बघायचं अजून राहिलंच होतं.