बेत

"कोणीही आलं तरी आत सोडायचं नाही," टेलरबाईनं सासूबाईंना बजावलं. "अगदी जिवावर बेतलंय म्हणाले तरी. दहानंतर या, म्हणायचं."

"आणि तुझा नवरा आला तर?"

"त्यांनाही दहानंतरच."

सासूबाईंना हे काम आवडलं. त्यांनी दुकानाबाहेर खुर्ची टाकली, सुनेचा मोबाइल मांडीवर घेतला आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

ही शांतता टेलरबाईनं भांडून मिळवली होती. दुकान उघडण्याआधीचा सकाळचा एक तास फक्त कोटाचा, असं तिनं कधीचं ठरवलं होतं. पण कधी कोणाची चेन अडकायची, कधी शेजारच्या चष्मेवाल्याला सुई हवी असायची, आणि उरलासुरला वेळ नवऱ्याचा फोन खायचा: "अगं, माझा निळा शर्ट कुठंय?" तासाच्या चिंध्या व्हायच्या. मग संध्याकाळी ती घरभर करवादायची, "तुम्ही लोक मला काही करू द्याल तर शपथ!"

वर्षानुवर्षं ती लोकांच्या पँटी आखूड करत आली होती. हा कोट मात्र तिचा होता, तिच्या डोक्यातला. मोठ्या रस्त्यावरच्या कापडदुकानाच्या मालकीणबाईंनी सांगितलं होतं, शनिवारपर्यंत एक शिवून दाखव, आवडला तर दर्शनी काचेत लावते. आज गुरुवार उजाडला होता.

टेबलावर करडं लोकरी कापड पसरलेलं होतं. एवढा एकच तुकडा. खडूच्या रेषाही आखून तयार होत्या. तिनं कात्री उचलली. मग धार बघितली. धार बरी होती. उजेड कमी वाटला, म्हणून टेबल खिडकीकडे ओढलं. तिथे कापडावर एक सुरकुती दिसली, म्हणून इस्त्री तापत ठेवली. इस्त्री तापेपर्यंत रिकामं कशाला बसा, म्हणून फळीवरची रिळं रंगांप्रमाणे लावली. मशीनला तेल घातलं. बाहीची रेषा पुसली आणि पुन्हा जिथल्या तिथे आखली.

बाहेर कोणी हाक मारली नाही. फोन वाजला नाही. आज अंगण वाकडं म्हणायची सोय नव्हती. टेलरबाईला भयंकर राग आला, पण तो काढायचा कोणावर ते सापडेना.

तेवढ्यात बाहेरून एका मुलीचा आवाज आला.

"आजी, माझ्या पँटचा हूक तुटलाय. दोन टाके घालायचेत फक्त."

"दहानंतर या."

"अहो, दहाला माझी मुलाखत आहे!"

"मग शर्ट बाहेर सोडा."

"काय खडूस बाई आहात हो!"

"आहेच मी."

टेलरबाईनं झटकन दार उघडलं. "या, या ना! आत या. आत्ता करून देते."

मुलगी पडद्यामागे गेली आणि तिनं पँट बाहेर दिली. टेलरबाईचे हात कसे भराभर चालायला लागले. हूक लावला, सैल झालेलं बटण न सांगता घट्ट केलं, इस्त्री तापलेलीच होती, तीही फिरवली. मुलीनं दहा वेळा आभार मानले आणि जाताना सासूबाईंकडे एक जळजळीत नजर टाकून गेली.

सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "मला काय तिथे शोभेला बसवलीय?"

"आई, तिची मुलाखत होती."

"मला ऐकू येतं. त्या पोरीला हाकलायचं माझ्या जिवावर आलं होतं, तरी हटले नाही. तुझ्यापायी खडूस म्हणवून घेतलं. आणि तू आपली माहेरचं माणूस आल्यासारखी धावत सुटलीस!" बोलता बोलता त्या आत आल्या. टेबलावरचं अख्खं कापड त्यांनी पाहिलं. मग फळीवरची रिळं पाहिली. "इतका वेळ हे करत होतीस?"

टेलरबाईनं टेबलावर मूठ आपटली. खडू उडून खाली पडला.

"सुरूच होत नाहीये, आई! इतके दिवस तुम्हा सगळ्यांच्या नावानं खडे फोडले. आज कोणी म्हणता कोणी आडवं आलं नाही, तरी हात पुढे सरकत नाही. एकदा कात्री चालली की चालली. बिघडला म्हणजे? त्या बाई हसतील मला."

सासूबाईंचा पारा अजून उतरला नव्हता.

"बिघडला तर बिघडलेला कोट होईल. नुसतं कापड त्या बाईच्या दुकानात ताग्यांनी पडलंय. तेच दाखवायला जाणार आहेस का?"

आणि दार धाडकन लावून त्या पुन्हा बाहेर जाऊन बसल्या.

टेलरबाईनं बाहीनं नाक पुसलं. कात्री उचलली, कापडाच्या कडेला लावली आणि दाबली. पहिलाच काप रेषेच्या जरासा बाहेर गेला. तिच्या तोंडून एक शिवी निघाली.

कात्री मात्र थांबली नाही.