संक्रांतीचा संशयास्पद मेसेज

संक्रांतीच्या सकाळी फोनमधल्या, फसवे मेसेज पकडणाऱ्या तपासनिसाने कुमुदताईंच्या धाकट्या भावाचा मेसेज अडवला. "धोका असू शकतो. सदानंद तुमच्याशी कधीच असं बोलत नाहीत. पुसून टाकू?"

"दाखव रे बाबा," कुमुदताई कंटाळून म्हणाल्या. सकाळपासून निम्म्या नातेवाइकांचं गोड बोलणं त्याने अडवलं होतं.

'ताई, तिळगूळ घे. झालं गेलं विसर.'

कुमुदताईंनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी लिहिलं, 'सदा, जेवायला ये. तुझी फार आठवण येते.'

"ही भाषा कुमुदताईंची नाही," म्हणत फोनने तोही अडवला. पुन्हा लिहिला, तरी अडवला.

शेवटी थकून त्यांनी लिहिलं, 'मेल्या, गुळपोळ्या निवतायत. यायचं तर ये, नाहीतर बस तिकडेच.'

"सुरक्षित," फोन म्हणाला आणि मेसेज गेला.