मुक्या घोळी

"आजा, या बोलतात ना? तूच म्हणालेलास," काचेला नाक टेकवून रेवाने विचारलं.

समुद्रातली घोळ मासळी कधीच संपली होती. या मत्स्य संशोधन केंद्राच्या टाकीतल्या घोळी लॅबमध्ये बनवलेल्या होत्या. नातीला त्यांचा आवाज ऐकवायचा म्हणून हरेश्वर हट्टाने सगळ्यांना इथे घेऊन आला होता. तरुणपणी तो होडीतून वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. खाली घोळी घुमत असल्या की लगेच कळायचं.

त्याने काचेला कान लावला. काहीच नाही.

"काका, त्या मुक्या आहेत," गाईड मुलगी म्हणाली. "त्यांना आवाज शिकवायला जुनी घोळ उरलीच नाही ना."

रेवाचं तोंड एवढंसं झालं.

"चल बाबा, लोक बघतायत," त्याची लेक वनिता कुजबुजली.

हरेश्वरने ऐकलं नाही. काचेला ओठ लावून तो घशातून घुमला. गुर्र, गुर्र, गुर्र. वल्ह्यातून ऐकलेलं, जसंच्या तसं.

टाकीतल्या सगळ्या घोळी एकदम वळल्या आणि काचेशी गोळा झाल्या.

"आल्या! काय सांगितलंस रे त्यांना?" रेवा नाचायलाच लागली.

हरेश्वर मागे सरकला.

"काय माहीत, बाय. हे ऐकू आलं की आम्ही जाळं टाकायचो. काय बोलतात ते कुणी विचारलंच नाही."

"अजून एकदा बोल ना!"

हरेश्वरने तोंडावर हात धरला. घोळी त्याच्या तोंडाकडे बघत तशाच थांबल्या होत्या.