कासमबुवांच्या ओट्यावर

कय्यूम पिंजारी ओट्यावर आडवा पडला होता. कुदळी घेऊन आलेले चौघे बाजूला खोळंबले होते. त्यांनाही घाई नव्हती. अमडापुरात जन्मलेला माणूस त्या ओट्यावर घाव घालायच्या आधी दहादा विचार करणारच.

कासमबुवांनी आपली सगळी पदं याच दगडी ओट्यावर बसून रचली. मनाला न पटलेला एकही शब्द पदात घालायचा नाही, असा त्यांचा हट्ट. एका शब्दासाठी ते दिवस दिवस बसून राहत. बुवा गेले, पण तेव्हापासून गावात रीतच पडली. या ओट्यावर बसून खोटं बोलायचं नाही. बांधाचं भांडण असो की चोरीचा आळ, लोक म्हणत, "चाल ओट्यावर." निम्मी भांडणं वाटेतच मिटत. गावचे आताचे देशमुख भगवंतराव, त्यांचे वडील किसनराव एका विहिरीच्या वादात इथे बसले होते. त्यांनी तोंड उघडलं, घाम पुसला आणि म्हणाले, "विहीर त्याचीच हाय." एवढा मोठा देशमुख, पण ओट्यापुढे नमला.

आता भगवंतराव तिथे बुवांच्या नावाचं वाचनालय बांधणार होते. पक्की इमारत, वर कौलं, दारावर बुवांच्या नावाची पाटी. नागपूरच्या सरकारची मंजुरीही आली होती. फक्त मलकापूर स्टेशनातून गाड्यांवर आलेली यंत्रं ओट्यामागे उतरवलेली होती. वाचनालयात कापसाच्या जिनातली सरकी काढायची यंत्रं कशाला लागतात, हे न कळण्याइतकं गाव खुळं नव्हतं. कळत सगळ्यांना होतं, बोलत कुणी नव्हतं. देशमुखांशी वाकडं घेऊन गावात राहायचं कसं?

शेवटी भगवंतराव स्वतः आले. त्यांच्यामागे निम्मं गाव जमलं.

"काऊन बे कय्यूम, तुह्याच पणज्याच्या कामात आडवा येऊन राह्यला?"

कय्यूम उठला. बुवांच्या वंशातला गावात तो एकटाच उरला होता. हातापाया पडून झालं होतं, घरोघर जाऊन झालं होतं. एकही दार त्याच्या बाजूने उघडलं नव्हतं. आता ओट्याला ओट्याशिवाय कोणी वाली नव्हता.

"मालक, इथं बसा," तो म्हणाला. "वाचनालयच होईन, जिन होनार नाही, एवढं बसून सांगा. मंग मी सोताच बाजूले होतो."

सगळ्यांच्या नजरा भगवंतरावांकडे वळल्या. कय्यूमच्या जिवात जीव आला. हे बसणार नाहीत. बापाला जमलं नाही ते लेकाला कुठून जमणार?

भगवंतरावांनी धोतर सावरलं आणि ते ओट्यावर बसले. जावई बसावा तसे ऐसपैस.

"इथं वाचनालयच होईन," ते म्हणाले. "जिन होनार नाही."

आवाज कापला नाही. कपाळावर घाम नाही. बोलून झाल्यावर त्यांनी विडा तोंडात टाकला आणि ते सावकाश चावत राहिले.

लोक त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. गेल्या साली याच ओट्यावर बसून बैलाची चोरी कबूल केलेला एक जण गर्दीत होता. त्याने कपाळावर हात मारून घेतला. मग एकेक जण मान खाली घालून घरी निघाला.

कय्यूम मात्र हलला नाही. एखादा घरातला माणूस डोळ्यांदेखत जावा, तसं त्याला झालं होतं. भगवंतराव उठून गेले तरी तो ओट्याकडे पाहत होता. मग त्याने एकाच्या हातातली कुदळ काढून घेतली.

"कय्यूमभाई, काय करून राह्यले?" कुदळवाला घाबरून म्हणाला.

पहिला घाव कय्यूमनेच घातला.

"खना आता," तो रडत म्हणाला. "आता हा निस्ता दगड हाय."