मनोऱ्याचा जिना

“तेराव्या शतकानंतरचं काहीही मी या गावच्या चर्चमध्ये टिकू देणार नाही,” असं छातीठोकपणे सांगून वास्तुतज्ज्ञ ओव्हिडियू घंटेच्या मनोऱ्यात मापं घ्यायला चढले. तासाभराने उतरायला आले, तर खाली जिनाच नाही.

“ग्लिगोर, जिना कुठाय?”

“काढला की, साहेब. अठराव्या शतकातला निघाला,” गवंडी खालून म्हणाला.

“मग शिडी लाव. बुखारेस्टची चारची गाडी आहे माझी.”

“शिडी ॲल्युमिनियमची आहे. तिला तुम्हीच बंदी घातलीत.”

“अरे बाबा, मग लाकडाची कर.”

“करतो की. पण जुन्या रीतीप्रमाणे ओक थंडीतच तोडायचा, हेही तुम्हीच लिहून दिलंय.”



ग्लिगोरने मक्याच्या घट्ट लापशीची, मामालिगाची टोपली दोरीला बांधून वर पाठवली. मे महिना नुकताच लागला होता.